हयात मालकिणीचं मांजर

ता. ४ फेब्रुवारी

चि. बंडूस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

फोनवर बोलायचं तर आई शेजारीच बसलेली असते आणि तू माझा फोन घेतही नाहीस, म्हणून हे पत्र. आईचं बरं चाललंय. खुब्याचं हाड जुळत आलंय. वॉकर घेऊन माझ्या स्वयंपाकघरापर्यंत जाते आणि डब्यांची मांडणी बदलून येते. संध्याकाळी तुझा फोन आला की तिचा पहिला प्रश्न तिच्या बोक्याबद्दल, मुकादम जेवला का? तू सांगतोस, जेवला, खिडकीत बसलाय, रस्त्यावर देखरेख चालू आहे. मग तिला झोप लागते.

परवा तिचे गरम कपडे न्यायला मी तुमच्या गावी येऊन गेले. तू लिफ्टच्या कामावर बाहेर होतास. आईच्या घरात बोका नव्हता. त्याची ताटली धुऊन पालथी घातलेली. शेजारच्या काकू म्हणाल्या, आईला मी माझ्याकडे नेलं त्याच आठवड्यात तू त्याला मांजरांच्या निवाऱ्यात पोचवलंस. गोदामांच्या गल्लीतला, लोक बिनपगारी राबून चालवतात तो.

मी तशीच तिथे गेले. फाटक बंद, बाहेरच्या बाकावर तीन-चार माणसं आणि सगळी तापलेली. एका गृहस्थांना एकटे राहतात म्हणून मांजर नाकारलं होतं. ते म्हणत होते, लग्न ठरताना मुलीकडच्यांनी इतकं खोदून विचारलं नव्हतं. एक बाई खोक्यात पिल्लं घेऊन आल्या होत्या. त्यांना जागा नाही म्हणून परत पाठवलं, वर मांजरीचं ऑपरेशन वेळेवर का केलं नाही म्हणून झापलं. माझी पाळी आली तेव्हा फाटकाच्या फटीतून एका चष्मेवालीनं सांगितलं, वेळ ठरवून या. मी म्हटलं, मांजर आमचंच आहे. सगळे असंच म्हणतात, असं म्हणून तिनं कडी लावली.

तू आल्याबरोबर जा आणि त्याला घरी आण. आईला मी अजून काही बोललेले नाही. वहिनीला विचारलंय म्हणून सांग. लोभ शिल्लक आहे, संपवू नकोस.

तुझी ताई

ता. ९ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. माझ्या माघारी येऊन शेजाऱ्यांकडे चौकशा केल्यास, छान केलंस. हिला दमा आहे हे तू दर वेळी सोयीस्कर विसरतेस, म्हणून बोका आमच्याकडे ठेवायचा प्रश्नच नव्हता. आणि दिवसभर लिफ्टच्या खड्ड्यात उभं राहून आल्यावर आईच्या घरी जाऊन त्याची घाण उपसायला माझ्या अंगात त्राण उरत नाही.

निवाऱ्यात त्याची उत्तम सोय आहे. तू मात्र तिथे पुन्हा जाऊ नकोस. ती माणसं विचित्र आहेत, मांजरांशी गोड बोलतात आणि माणसांवर गुरगुरतात. काहीबाही बोलतील, तुला उगाच मनस्ताप. आईला सांग की मुकादम पळून गेला. बोके पळतातच. चार दिवस रडेल, मग विसरेल. तिला आता जिने चढून त्या घरी एकटं राहायचंय तरी कुठे?

आईस साष्टांग नमस्कार. लोभ असू द्यावा.

तुझा बंडू

ता. १७ फेब्रुवारी

बंडू,

आशीर्वाद लिहायला हात उचलत नाही, तेव्हा त्यावाचून वाच.

वेळ ठरवून मी पुन्हा गेले. या वेळी आत घेतलं. फिनाईलचा वास, पिंजऱ्यांत जुन्या स्वेटरांच्या गाद्या, दारात ओळीनं वाळत घातलेले रबरी हातमोजे. तिथली जबाबदारी एका डेंटिस्ट बाईंकडे आहे, दवाखाना आटोपून येतात. मी मुकादमाचं नाव काढल्याबरोबर त्यांनी मला खुर्ची दिली, पाणी दिलं. मला वाटलं, बाकावरची माणसं उगाच बोंबलत होती.

मग त्या म्हणाल्या, "तुमच्या आई गेल्याचं तुमच्या भावानं सांगितलं. फार वाईट वाटलं."

मला आधी हसूच आलं. वाटलं, दुसऱ्या कुणाची गोष्ट माझ्या गळ्यात पडतेय. मी म्हटलं, माझी आई घरी मटार सोलत बसलीय. तशी बाईंचा चेहरा बदलला. मालक हयात असेल तर आम्ही मांजर घेतच नाही, नाहीतर अर्धं गाव कंटाळा आला की इथे आणून टाकेल, असं त्यांनी मला सुनावलं. आता बोका एका चांगल्या घरी गेलाय, आणि देऊन झाल्यावर पस्तावून गोष्टी रचत येणारी माणसं त्यांना दर आठवड्याला भेटतात. तुमच्या दोघांपैकी खोटारडं कोण, असं त्यांनी मला तोंडावर विचारलं. चष्मेवाली येऊन दारात उभी राहिली. मी काय काय बोलले ते लिहवत नाही. आमच्या लॅबमध्ये कुणी रक्ताच्या नळ्या फोडल्या तरी माझा आवाज एवढा चढत नाही. शेवटी त्यांनी मला फाटकाबाहेर काढलं. माझ्या घरचा फोन नंबर टेबलावर टाकून आलेय, खातरी करून घ्या म्हटलं.

हे सांगताना तुझी जीभ अडखळली नाही? रोज संध्याकाळी जिच्याशी गप्पा मारतोस तिला त्या खुर्चीत बसून मारून आलास. बाकी काय लिहू.

ताई

ता. २२ फेब्रुवारी

ती. ताईस,
न. वि. वि.

लिहून झालं का सगळं? आता माझं ऐक. आई न्हाणीघरात पडली तेव्हा तिला उचललं कुणी? दवाखान्यात पंधरवडाभर बाकड्यावर कोण झोपलं? तू आलीस ती फळांची पिशवी घेऊन, आणि ऑपरेशन झाल्यावर नेलंस तेव्हा सगळ्या नातेवाइकांत तुझं कौतुक. बोका मात्र माझ्या गळ्यात. तो रात्रंदिवस ओरडायचा, खालचे भाडेकरू भांडायला यायचे, हिला नुसतं माझ्या कपड्यांवरच्या केसांनी धाप लागायची.

निवाऱ्यात त्या बाईंनी विचारलं, मालक कुठे आहेत? मी म्हटलं, आई होती. होती म्हणालो, एवढंच. पुढचं त्यांनीच गृहीत धरलं. मी मान हलवली. त्या क्षणी बोका हातातून गेला आणि मला मोकळं वाटलं, हेही लिहून टाकतो, म्हणजे तुला वर्षभर पुरेल. शब्दांनी माणूस मरत नाही. आईला कळवायचं असेल तर खुशाल कळव, पण मग तिच्या तब्येतीचं काही झालं तर जबाबदार तू.

लोभाचं तुझं तू बघ.

बंडू

ता. ६ मार्च

चि. बंडूस,

चि. सवयीनं लिहिलं गेलं, राहू दे. पुढे मला लिहिशील तेव्हा ती. ऐवजी कै. लिही, म्हणजे तुझा हिशेब जुळेल.

ताईनं मला काही सांगितलं नाही. ती कामावर गेली होती आणि फोन वाजला. एका बाईंना मुकादमाच्या दिवंगत मालकिणीच्या मुलीशी बोलायचं होतं. मी म्हटलं, "मुलगी कामावर गेलीय. मालकीण बोलतेय." मग मी त्यांच्याकडून सगळं काढून घेतलं आणि ताई घरी आल्यावर उरलेलं तिच्याकडून. ती रडत होती. मला रडू आलं नाही, भूक मात्र मेली.

रविवारी टॅक्सी करून मी निवाऱ्यात गेले. वॉकर टेकत फाटकातून आत शिरले, तर ती चष्मेवाली माझ्याकडे बघतच राहिली. डेंटिस्ट बाई वरमल्या होत्या, पण ताईला बाहेर काढल्याबद्दल माफी मागायला काही तयार नव्हत्या. मीही त्यांना सोडलं नाही. ज्या माणसांना जिवंत आणि मेलेलं ओळखता येत नाही त्यांनी दुसऱ्यांची घरं तपासू नयेत, असं सांगितलं. त्यांनी ते ऐकून घेतलं आणि स्वतःच्या गाडीत घालून मला मुकादमाकडे नेलं.

तो एका न्हाव्याकडे आहे. दुकानात तीन खुर्च्या, त्यातली खिडकीकडची त्याची. गिऱ्हाईक ताटकळत उभं राहतं पण त्याला कुणी उठवत नाही. अंगानं भरलाय. मी हाक मारली तर आला, माझ्या वॉकरला डोकं घासलं, आणि पुन्हा खुर्चीवर जाऊन बसला. मी न्हाव्याला म्हटलं, माझा बोका मला द्या. त्यानं सरळ नाही म्हटलं. या लोकांनी मला तीनदा प्रश्न विचारले, माझ्या घराच्या जाळ्या तपासल्या, सगळं सोसून मी त्याला आणलं, असं तो म्हणाला. आणि मग, "तुमच्या मुलानं तुम्हाला मारलं, बाई, त्याची भरपाई मी का करू?"

मला राग आला. रिकाम्या हातानं परतले.

या महिनाअखेरीस मी माझ्या घरी राहायला येतेय. जिना मी चढेन, बसत बसत चढेन. ताई थोडे दिवस सोबत राहील. माझ्या घराची किल्ली काकूंकडे देऊन ठेव, स्वतः घेऊन येऊ नकोस. सूनबाईवर माझा राग नाही. तिचा दमा खरा आहे.

परतताना गाडीत मी डेंटिस्ट बाईंना विचारलं, मी कशानं गेले असं बंडूनं सांगितलं? त्या म्हणाल्या, जाऊ द्या आता. मी सोडेना. मग म्हणाल्या, झोपेत गेल्या, काही त्रास झाला नाही, असं तो म्हणाला. म्हणजे नुसती मान हलवली नव्हतीस तर. इतकी वर्षं वॉर्डात नर्स होते, बाहेर थांबलेल्या नातेवाइकांना मीही हेच सांगायची. खरं असायचं तेव्हाही आणि नसायचं तेव्हाही.

तुझा माझ्यावर तेवढा लोभ आहे, हे कळलं. तो आहे तेवढाच असू दे.

आई