जेवलात का, म्हणाला म्हातारा

७ नोव्हेंबर

बोलला! तीन महिन्यांनी आमचा म्हातारा बोलला! आणि कुठे — गल्लीतल्या सार्वजनिक संडासाच्या दारात.

अर्धांगाचा झटका आल्यापासून तोंडातून नुसतं आं-आं. आज सकाळी चाकाच्या खुर्चीतून त्याला नेलं, तर समोरून शेजारच्या मा-काकू नाडी आवळत बाहेर आल्या. म्हातारा स्वच्छ म्हणाला, "जेवलात का?"

मा-काकू खिळल्याच. मग सवयीनं म्हणाल्या, "जेवले. तुम्ही?"

ह्याच बाईनं मागच्या आठवड्यात साऱ्या गल्लीला सांगितलं होतं, माझ्या नवऱ्याची, देशुनची, वाचा गेली ती गेली. घ्या आता! सतरा वर्षं बसमध्ये कंडक्टर होते मी, माझा आवाजही काही कमी नाही. दोन्ही टोकांपर्यंत बातमी पोचवून मगच घरी आले.

९ नोव्हेंबर

पोस्टमन, कोबीवाला, मा-काकूंचं कुत्रं — सगळ्यांना विचारून झालं. कुत्रं सोडून सगळ्यांनी "जेवलो" म्हणून सांगितलं.

तीस वर्षं गल्लीच्या तोंडाशी सायकली दुरुस्त करत बसला, येणाऱ्या-जाणाऱ्याला हेच विचारत. जिभेला बरोबर आठवलं.

१४ नोव्हेंबर

वाचा शिकवणाऱ्या छ्यू बाईंकडे गेलो. मी त्याला मिरवतच आत नेलं. त्यानं त्यांनाही विचारलं. बाई हसल्या, पण वहीत काही लिहीनात. म्हणाल्या, हे पाठांतर. शिव्या नि गाणी येतात तसं आपोआप येतं. स्वतःच्या मनातला एक तरी शब्द यायला हवा.

डोकंच फिरलं माझं. तीन महिने मुका असलेला माणूस बोलतोय, आणि ही पोर म्हणते मोजत नाही!

लेकीनं, शिन्यूनं, तेवढंच धरून ठेवलं. आपल्या चांद्र नव्या वर्षापर्यंत, म्हणजे फेब्रुवारीपर्यंत, मनानं काही बोलले नाहीत तर बाबांना शहराबाहेरच्या वृद्धाश्रमात ठेवायचं. "त्यांना दुखलं-खुपलं सांगता येत नाही. आणि आई, तू वाळून काडी झालीयेस." मी म्हटलं, माझं मी बघीन. त्याला भरवून होईतो माझी भूक मरते, हे तिला कशाला सांगू?

बेचाळीस वर्षं संसार केला. त्याला परक्यांच्या हातचं खायला पाठवायचं? जमणार नाही.

२२ डिसेंबर

वर्षातला सगळ्यात लहान दिवस. मा-काकूंनी डंपलिंग आणून दिले, वाटीभर. म्हाताऱ्यानं नऊ खाल्ले! मन वळलेलं दिसतंय बाईंचं.

नातीनं फोनवर विचारलं, आजी, आपण भेटल्यावर जेवलात का असं का विचारतो? मी म्हटलं, पद्धत आहे. फोन ठेवल्यावर मात्र बसून राहिले. मी सात वर्षांची होते तेव्हा हा प्रश्न खराच होता. आई बजावायची — कुणीही विचारलं तरी जेवले म्हण. नाही म्हटलं तर विचारणाऱ्याला आपल्यातलं द्यावं लागतं, आणि त्याच्याकडे तरी कुठे असतं? भिंतीला धरून चालायचे आणि सगळ्यांना जेवले म्हणायचे. मा-काकू म्हणतात, हे त्याच्याही आधीचं, त्यांच्या पणजीच्या वेळचं. असेल. दुष्काळ काय एकदाच पडला?

२५ डिसेंबर

साऱ्या जगाला विचारतो. टीव्हीतल्या बातम्यावालीला विचारतो. मला नाही! घरातल्या बायकोला कोण विचारतं म्हणा. तरी लागलंच मनाला.

१३ जानेवारी

जिंकले! युक्ती केली. कांद्याच्या पातीची जुडी घेऊन बाहेर गेले आणि शेजारीण आल्यासारखी दारातून आत आले. म्हाताऱ्यानं वर पाहिलं. "जेवलीस का?"

बेचाळीस वर्षांत पहिल्यांदा! जेवले, म्हटलं. तो कितीतरी वेळ माझ्याकडे बघत राहिला.

१९ जानेवारी

आता रोज सकाळी बाहेर जाते नि आत येते. मा-काकू म्हणतात, नवऱ्याबरोबर तुझंही डोकं गेलं. जाऊ दे. रोज विचारतो.

छ्यू बाई अजून म्हणतात, पाठांतरच.

३० जानेवारी

शिन्यू परवा येतेय. वृद्धाश्रमाचे कागद भरून आणणार. तिच्यापुढे रडायचं नाही.

१ फेब्रुवारी

त्याला भरवलं, बाहेर गेले, आत आले. मागोमाग शिन्यूही आली, कागद हातात. म्हाताऱ्यानं विचारलं, "जेवलीस का?" "जेवले," मी म्हटलं. त्यानं चांगल्या हातानं माझी वाटी उचलली, उलटी करून दाखवली. कोरडी ठणठणीत. ओठ नुसतेच हलत राहिले. मग म्हणाला, "खोटं."

शिन्यूनंही ऐकलं. मी मोठ्यानं रडले. मग दोन वाट्या पेज जेवले, आणि दोघं माझ्याकडे बघत बसले होते.