बिनकावळ्याच्या देशातला तह

हॉर्नबी, ख्राइस्टचर्च
भाद्रपद वद्य, २०१४

सौ. नीलिमावहिनींना जगदीशचा वाकून नमस्कार. तुमचा गुडघा आता कसा आहे? दादांची तब्येत विचारत नाही. ते ‘त्याला काही कळवू नकोस’ म्हणतील आणि तुम्ही तरीही कळवालच. इकडे मी बरा आहे, फक्त भर दुपारी अंगणात जायची हिंमत होत नाही.

मी ज्या गेस्ट हाऊसचा स्वयंपाकी आहे, तिथे परवापर्यंत शांतता बोलणी चालू होती (शांतता कमी, बोलणी फार). समुद्रातलं एक चिमुकलं बेट आणि त्यावर कित्येक वर्षं भाऊबंदांची लढाई. इथल्या सरकारनं दोन्ही बाजूंना जागा, ब्लँकेटं आणि चहा दिला आणि स्वतः गप्प बसलं. पण दोन बड्या देशांचे निरीक्षकही आले. एकाला तह हवा होता तिथल्या खाणीसाठी, दुसऱ्याला पहिल्याच्या हाती खाण पडू नये म्हणून. (लढणारी माणसं एका टेबलावर जेवायची, हे दोघे वेगवेगळ्या खोलीत ताट मागायचे.) सही काही होईना.

अशात बाबांची तिथी आली. वडे, खीर, सगळं साग्रसंगीत करून पान कुंपणापाशी ठेवलं आणि मग आठवलं, इथे कावळाच नाही! मॅगपाय आहेत, काळेपांढरे, म्हणजे अर्धे कावळेच म्हणा. या दिवसांत ते माणसांच्या डोक्यावर चोची मारतात. त्यातला एक तारेवर बसला आणि पानाकडे नुसता बघत राहिला. एरवी काय सुरेल गातो, त्या दिवशी चकार शब्द नाही. मागे वळलो तर सगळी मंडळी खिडकीशी. बंडखोरांच्या मार्थाबाईंनी विचारलं म्हणून सांगितलं, की पक्षी शिवला नाही तर गेलेल्याचं काही राहिलेलं असतं; ते पुरं करायचं वचन दिलं की शिवतो. दुसऱ्या दिवशी बाबांच्या पानाशेजारी त्यांनी आपल्या मुलाचं पान मांडलं. पोराला सैन्यानं उचलून नेलं होतं, देह मिळालाच नाही.

पक्षी आला, तारेवर बसला. खाणवाल्या निरीक्षकानं पुढे होऊन रस्ता आणि इस्पितळ कबूल केलं. दुसऱ्यानं लगेच दोन इस्पितळं. पक्ष्यानं मान वळवून एकेकाकडे असं पाहिलं की दोघेही मुकाट्यानं आत गेले. आमच्या रस्त्यावर ट्रकांची कायम वर्दळ, पण त्या वेळी एकाचाही आवाज नव्हता. वहिनी, माझी गाळण उडाली. मग बेटावरच्या सरकारी बाजूचे टोनी पायातल्या जँडल्स (इकडच्या रबरी चपला) काढून पानापुढे गुडघे टेकून बसले आणि मार्थाबाईंना म्हणाले, “नदीपलीकडे आहे तो, निरफणसाखाली. मी नेईन तुला तिथे.”

पक्षी उतरला आणि पोराच्या पानातला वडा घेऊन गेला.

संध्याकाळी सह्या झाल्या. फोटोत मधोमध निरीक्षक आहेत.

तुमचा,
जगदीश

ता. क. गुडघ्याला तिळाचं तेल चोळत जा.

ता. क. मंडळी गेली, पण बाबांच्या पानाला अजून पक्षी शिवलेला नाही. रोज पान ठेवतो, रोज तो येतो आणि बघत बसतो. सिगरेट सोडतो म्हणालो, लग्न करतो म्हणालो, ढिम्म! एकच वचन उरलंय आणि ते मला एकट्याला देता येत नाही. दादांनी माझं विमान उतरायची वाट न बघता अस्थी विसर्जित केल्या, तेव्हापासून आम्ही बोललेलो नाही. उद्या सर्वपित्री, म्हणून पत्राचा फोटो पाठवतोय. तुम्ही मध्यस्थी करू नका, माझ्या वतीनं काही कबूलही करू नका (तुम्ही परक्या घरून आलेल्या, म्हणजे आमच्यातला बडा देशच). नुसता फोन लावून दादांच्या हातात द्या आणि चहा टाकायला आत जा. इथे दुपार असेल तेव्हा तुमच्याकडे पहाट. दादा उठलेले असतातच. मी पानाशेजारी उभा असेन.

ता. क. हे लिहितोय तर तो खिडकीच्या आत येऊन बसलाय.