खडकावरच्या झडपा

लोणावळा, फेब्रुवारी १९६९

प्रिय शालन,

वरळीहून परतल्यावर तुझ्या आईला तिथलं सांगितलं. गिरणीमागचे खडक, गटाराचा वास आणि त्यात घोटाभर पाण्यात वाकलेली तू. ती म्हणाली, "व्हय, आन् तुमी बी घाणीत हात घातला असंल. टेलिफोनात बसली तर पोरीचे हात सुके तरी राहत्याल." तू अभ्यास सोडून इथल्या टेलिफोन ऑफिसातली जागा घेणार, हे तिनं धरूनच ठेवलंय. तूच तसं म्हणालीस ना, पावसाळ्यानंतर त्या खडकांवर भराव पडणार, मग तिथले जीव वहीत कशाला टिपत बसायचं.

हात घातला होता, हे तिला सांगितलं नाही. आपल्या ओढ्यात खेकडा धरायला घालतात तसाच, मनगट वळवून, थेट कपारीत. आणि कुणीतरी बोट चिकटून धरलं. मी ओरडलो, तू हसत सुटलीस. म्हणालीस, "आबा, समुद्रफूल आहे ते. त्याला वाटलं, जेवण आलं."

पण मी थबकलो तो दुसऱ्याच गोष्टीनं. खडकावरचे पांढरे खरखरीत सुळके मी चुन्याचा थर समजलो होतो. घाटात गाडीला मागून रेटणाऱ्या इंजिनांचे व्हॉल्व मी सांभाळतो. कुणी शिकवलं नाही, पुस्तकं वाचून शिकलो, आणि माझ्या हातचा व्हॉल्व गळत नाही. भरतीचं पाणी लागलं तशा त्या प्रत्येक सुळक्याच्या माथ्यावरच्या झडपा उघडल्या. आतल्या जिवाचे पिसासारखे पाय बाहेर आले, पाणी चाळून पुन्हा आत गेले. तांदळाच्या दाण्याएवढी झडप, तेल नाही, वायसर नाही, आणि मिटली की थेंब सुटत नाही. अख्खा खडक जेवत होता, शेजारून गिरणीचं काळं पाणी वाहत असताना. मग पाय कुठं ठेवावा तेच मला कळेना.

तिथं बोलायला जमलं नाही, म्हणून हे लिहितोय. भराव थांबवणं तुझ्यामाझ्या हातात नाही. पण तिथं कोण कोण राहत होतं हे कुणी पाहिलंच नाही, असं होऊ नये. मला विचारशील तर पावसाळ्यापर्यंतच्या ओहोट्या सोडू नकोस, दिसेल ते वहीत टिप. मी रजेचा अर्ज दिलाय, सोबत येईन. डबा तुझी आई देणार आहे, कुरकुरत का होईना. टेलिफोनच्या साहेबांना मी अजून काही बोललेलो नाही. तू कळव, म्हणजे जाऊन नाही म्हणून येतो.

तुझाच,
आबा