सोलवरचा खडू

प्रिय ताई,

हे पत्र हाती पडेल तेव्हा तू तिसऱ्या मुक्कामावर पाय गरम पाण्यात बुडवून बसली असशील. नसशील तर आधी बुडव, पाण्यात मीठ घाल आणि मग पुढचं वाच. सोबतचं खोकं पत्र संपल्यावर उघड. आणि काही झालं तरी पायातल्या बुटांनी पुढच्या टप्प्याला निघू नकोस. मुद्द्यावर यायला मी किती वेळ लावतो ते तुला माहीत आहे, म्हणून एवढं आधीच लिहून ठेवतो.

आज शनिवार, सकाळचे सव्वानऊ. मी दुकानातल्या स्टुलावर बसून लिहितोय. मास्तर तोंडात खिळे धरून कुणाच्या तरी टाचा ठोकतायत. बाराच्या बसनं मोजणीदार काका तुझ्या मुक्कामाच्या गावी जाणार आहेत, तेच हे सगळं पोचवतील. तुला ते आठवत असतील. जन्मभर लोकांच्या जमिनी मोजल्या, आणि निवृत्त झाल्यावर तुझी ही बावीस दिवसांची वाट तीनदा चालून आले. तिन्ही वेळा बुटांना सोल आम्हीच लावले. फोन मी केला होता. काल दोनदा लागला नाही. तिसऱ्यांदा लागला तेव्हा मी मोजे वाळतात का विचारलं आणि ठेवून दिला. तू म्हणालीस, काय रे मोजपट्टी, एवढ्यासाठी फोन केलास? एवढ्यासाठी नव्हता केला.

काका म्हणतात, पहिल्यांदा निघालेला माणूस घर पाठीवर घेऊन निघतो आणि तिसऱ्या मुक्कामाला ते वाटत सुटतो. तूही आता वाटून टाक. दुसरी चादर नको. ती जाड कादंबरी वाचून झालेली पानं फाडून हलकी करायची नसेल, तर मुक्कामावरच्या कपाटात ठेवून दे. छोटी हातोडी मीच पिशवीत कोंबली होती, ती चूक माझी. काकांना सांगितलं तर ते इतके हसले की मास्तरांनी तोंडातले खिळे काढून विचारलं, काय झालं. पिशवी भरल्यावर एका पायावर उभं राहून मोजे घालता आले पाहिजेत, नाही आले तर वजन जास्त आहे, असं काकांचं गणित आहे. तुझ्यासोबत चालणाऱ्या मैत्रिणीलाही करून बघायला सांग. औषधांच्या दुकानात काम करते म्हणून अख्खं दुकान घेऊन निघाली होती, ते तुम्ही दोघी स्टँडवरून चालायला लागलात तेव्हा मी पाहिलं.

नखं सरळ काप, कोपरे गोल करू नकोस. मोजे दोन घाल, आतला पातळ, बाहेरचा जाड. फोड दुखायच्या आधी तिथं नुसतं गरम लागतं. गरम लागलं की त्याच जागी बसायचं, बूट काढायचा, पट्टी लावायची. पुढच्या वळणावर बघू असं म्हणायचं नाही. तू म्हणणारच. आईच्या दुखण्यात सहा वर्षं तू हेच म्हणत काढलीस. कचेरीतून घरी, घरातून कचेरीत. मला आठवीत शाळा सोडावी लागली तेव्हा रोज जेवणं झाल्यावर लाल पेन्सिल घेऊन बसायचीस आणि माझ्याकडून एकेक शब्द तीनदा लिहून घ्यायचीस. हे पत्रही मी दोनदा उतरवून काढलंय. तरी चूक सापडली तर खूण करून ठेव.

आई गेली आणि वर्षभरानं तू त्या लांबच्या गावातल्या वसतिगृहाची नोकरी धरलीस, तेव्हा समोरचे शिंपीकाका म्हणाले, चांगलं झालं, बसनं सहा तास तर लागतात. तू म्हणालीस, मी चालत जाणार. सगळे हसले, मीही हसलो. मग तू मला एकट्याला सांगितलंस, “सहा वर्षं मी या गल्लीच्या पलीकडे पाहिलं नाही रे. आता जाते तर पायांना कळू दे, किती लांब आलो ते.” त्यावर मी काय बोललो असेन? मी म्हणालो, बुटांचे सोल बदलावे लागतील.

ताई, जरा उठून आलो. दाबाखाली एक जोड होता, त्याची वेळ झाली का ते तीनदा बघून आलो. झाली होती. तरी चौथ्यांदा बघितलं.

आमच्या दुकानाची एक पद्धत तुला ठाऊक आहे, पण नीट लिहितो. जुना सोल काढायचा, तळ घासायचा, दोन्हीकडे सोल्यूशन लावायचं, चिकटवायचं आणि लाकडी फर्म्यावर चढवून दाबाखाली ठेवायचं. अठ्ठेचाळीस तास. दाबाखाली जाताना सोलवर खडूनं वार आणि वेळ लिहायची. तास भरले की मास्तर स्वतः तो खडू पुसतात आणि मगच जोड गिऱ्हाइकाच्या हातात जातो. खडूवर दुकान चालतं. सुकलेलं आणि न सुकलेलं सोल्यूशन बाहेरून सारखंच दिसतं.

तू जुन्या बाजारातून आणलेला तो दणकट जोड रविवारपासून माझ्या टेबलावर होता. तळ घासून झाला होता. चिकटवायला अर्धा तास पुरला असता. रविवारी मी दोऱ्या बदलल्या. सोमवारी सकाळी कातड्याला तेल लावलं. मास्तर म्हणाले, बूट आहे, लोणी नाही. मंगळवारी पुन्हा तेल लावलं. मास्तर म्हणाले, बूट आहे, लोणी नाही. तू घरी भांडी वाटत होतीस, माझ्यासाठी कुठला डबा कुठे ते चिठ्ठ्या चिकटवून ठेवत होतीस, आणि मला वाटत होतं की बुटांचं काम जोवर बाकी आहे तोवर तुझं जाणं बाकी आहे. बुधवारी दुपारी बारा वाजता मी सोल चिकटवले. गुरुवारी सकाळी सहाला तू निघणार होतीस. अठरा तास. सोलवर मी खडूनं लिहिलं, ‘सोम, १२’.

संध्याकाळी मास्तरांनी वाचलं आणि पुसून टाकलं. म्हणाले, “तुझा खडू म्हणजे छापील.”

आता मागं जे लिहिणं राहिलं ते. हे घाईनं झालं असं मी आधीच्या दोन कागदांवर लिहिलं होतं, ते फाडले. घाई झाली असती तर तुला सांगता आलं असतं. तू दोन दिवस थांबली असतीस, कुरकुर केली असतीस, गेली असतीस. मी सांगितलं नाही, कारण मला वाटलं सोल सुटेल. पहिल्या-दुसऱ्या दिवशी, सपाटीवर, रस्त्याजवळ, जिथं तू पडणार नाहीस. तू वैतागशील, मला शिव्या देशील आणि बस पकडून घरी येशील. चिठ्ठ्या काढून टाकू, डबे पूर्वीसारखे लागतील. गुरुवारी स्टँडवर तू हात हलवलास तेव्हाही मी तुझ्या पायांकडे बघत होतो. मग दुकानात आलो तर मोजणीदार काका बसलेले. सहज म्हणाले, पाचव्या दिवसाचा उतार सांभाळायला सांग हो बहिणीला, सुट्या दगडांचा आहे, एका बाजूला दरी, तिथं फक्त बुटावर भरवसा. मी तोवर त्यांना वाटेबद्दल फक्त मोजे आणि वजन विचारलं होतं. उताराचं कधी विचारलंच नव्हतं.

खोक्यात तुझे जुने बूट आहेत. टाकून दे म्हणाली होतीस, मी टाकले नव्हते. घोट्याजवळ फाटलेलं शिवलंय. त्यांना तुझ्या पायाचा आकार आहे, चावणार नाहीत. नवे सोल लावून गुरुवारी सकाळी नऊला दाबाखाली ठेवले, आज नऊला पूर्ण अठ्ठेचाळीस तास झाले. पायातला जोड काकांच्या हाती परत दे, मी पुन्हा नीट करून तुझ्या नव्या पत्त्यावर पाठवीन. आज सकाळी मास्तरांना सगळं सांगितलं. त्यांनी हा जोड उलटा करून खडू वाचला. मग म्हणाले, या जोडावरचा खडू मी पुसणार नाही, तिलाच बघू दे. म्हणून तो तसाच आहे, वार आणि वेळ दोन्ही खरे. रागव, फोन उचलू नकोस, पण तिथून घरची बस धरू नकोस. उतार उतरताना दोरी घोट्याशी घट्ट बांध, पावलं लहान टाक. खडू पहिल्या शंभर पावलांतच जाईल.

तुझाच,
मोजपट्टी