पडलेल्या घोड्याची नोंद

मी, तम्मण्णा इराप्पा सातपुते, वय सहासष्ट, धंदा लुगडी विणणे, राहणार शहापूर, संस्थान सांगली, माझी शुद्ध, नजर आणि चीड ही तिन्ही जागेवर असताना हा कागद स्वतःच्या हाताने लिहीत आहे. दम्याने छाती भरली आहे, डोके भरलेले नाही. माझ्यावर कोणाचा दाब नाही. दाब आणू शकेल असे एकच माणूस होते, माझी बायको मनुबाई, ती सात वर्षांपूर्वी वारली. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. घर आणि माग वाटण्यासाठी मी एवढी शाई खर्च केली नसती. हा कागद मुख्यतः ४ मार्च १९२८ रोजी मी दिलेल्या एका खोट्या निकालाच्या दुरुस्तीसाठी आहे. त्या निकालापायी दोन माणसे मेली आणि एकाचा हात गेला.

कलम पहिले. राहते घर, परसू आणि आडासकट, तसेच पोस्टात जे काही शिल्लक असेल ते, माझा मयत धाकटा भाऊ भरमा याची बायको जयाबाई हिला मिळावे. मला मूलबाळ नाही. पुढची कलमे ऐकून तिने मला शिव्या घातल्या, माझ्या दहाव्याला भात रांधला नाही, तरी घर तिचेच. कोणी भाऊबंद हक्क सांगत आला तर त्याला उंबऱ्यावरूनच परतवून लावावे. जयाबाईला ते चांगले जमते.

कलम दुसरे. रस्त्याकडचा माग शेजारच्या मष्णूला द्यावा. तो धाग्याची गाठ अजून नीट मारत नाही, पण माग पडून राहण्यापेक्षा बरे. आतल्या मागाचा लाकडी रूळ, ज्यावर विणलेले लुगडे गुंडाळतात, तो मात्र कोणालाही देऊ नये. तो चुलीत घालावा. त्या रुळाने एका माणसाची बोटे चेचली आहेत. त्यानंतर एकोणीस वर्षे मी त्यावर लग्नाची लुगडी गुंडाळली आणि नेसणाऱ्या बायकांना काही सांगितले नाही.

कलम तिसरे, नंबरवहीबद्दल. नव्या माणसाला कळावे म्हणून सविस्तर लिहितो. शहापूर, वडगाव, बेळगाव, उचगाव, चिकोडी, बोरगाव आणि निपाणी या सात ठिकाणच्या बुद्धिबळ खेळणाऱ्यांच्या लढती दसऱ्यापासून होळीपर्यंत रविवारी होतात. त्यांना आम्ही सातगावी पट म्हणतो. प्रत्येक गावाचे पाच गडी, पाच पट. पूर्वी लबाड गावे आपला सर्वांत कच्चा गडी मुद्दाम पहिल्या पटावर बळी द्यायची आणि खालचे चार डाव मारायची. यावरून १९११ साली उचगावात लाठ्या चालल्या आणि एकाची कवटी फुटली. तेव्हा कोण किती पाण्यात आहे हे लिहून ठेवायचे ठरले आणि वही माझ्या गळ्यात पडली.

मी विणकर. मी सुताचा नंबर माणसांना लावला. वीस नंबरी म्हणजे जाड, साठ नंबरी बरा, नव्वदच्या पुढे गेलेला बारीक. सर्वांत बारीक गडी पहिल्या पटावर बसेल. आपल्यापेक्षा बारीक गड्याला हरवले तर तीन नंबर चढतात आणि हरणाऱ्याचे तीन उतरतात. बरोबरीच्या किंवा जाड गड्याला हरवले तर एकाचीच चढउतार. प्याद्याने मात केली तर मारणाऱ्याला वर दोन. समोरच्याचे सगळे मोहरे मारून नुसता राजा उरवला तर ती मात नव्हे, ती बुर्जी, म्हणजे बरोबरी, आणि कोणाचा नंबर हलत नाही. पट उधळणाऱ्याचे पाच कापायचे. आणि मोहरा उजव्या हातानेच हलवायचा, डाव्या हाताची चाल धरायची नाही. हा शेवटचा नियम माझा. जेवायला जो हात, तोच पटाला, असे मला तेव्हा शोभून दिसले.

पस्तीस वर्षांत या वहीत मी मित्राचा नंबर वाढवला नाही आणि वैऱ्याचा घटवला नाही, एक दिवस सोडून. माझा स्वतःचा नंबर अठ्ठावन्न आहे.

कलम चौथे. वही, दौत आणि भिंतीवरची नंबरांची फळी वडगावच्या शामूला द्यावी. त्याचा नंबर चव्वेचाळीस आहे आणि तो वाढण्याची भीती नाही. वही ठेवणारा मध्यमच असावा. मात्र त्याचा भाऊ पटावर असेल त्या दिवशी निकाल दुसऱ्याने द्यावा. हे मला कोणी सांगितले नव्हते.

कलम पाचवे. उचगावचे मारुतीराव मास्तर यांचा नंबर एकाहत्तर आहे आणि एकाहत्तरच राहील. मी आजारी पडल्यापासून ते तीनदा मोसंबी घेऊन आले. मोसंबी गोड होती.

कलम सहावे. आता मुख्य गोष्ट. १९२८ साली होळीच्या तोंडावर शेवटची लढत शहापुरात, आमच्याच माजघरात, मागांच्या शेजारी झाली. पहिल्या पटावर आमचा भरमा, नंबर ब्याण्णव. समोर निपाणीचा यल्लाप्पा, तंबाखूच्या वखारीत पोती वाहणारा गडी, नंबर नव्वद. मी पंच.

खेळ सुरू होण्याआधी यल्लाप्पा सगळ्यांदेखत मला म्हणाला, "अण्णा, तुझा नंबर अठ्ठावन्न. जाड सुतानं बारीक सूत कसं मोजायचं रं?" मंडळी हसली. भरमाही हसला. मी हसलो नाही, आणि ते मी विसरलोही नाही.

दुपार कलली तेव्हा भरमाकडे राजा आणि एक घोडा उरला होता. यल्लाप्पाकडे हत्ती आणि दोन प्यादी. तो घोडा त्याने तीनदा मारला असता, पण बुर्जी झाली असती म्हणून सोडला. "प्याद्यानं मारतो तुला, भरमा," असे त्याने सांगून ठेवले होते आणि तसेच होत होते. प्यादे पुढे सारायला त्याने हात लांब केला, तेवढ्यात भरमाने बंडीच्या बाहीने स्वतःचा घोडा पटाखाली पाडला आणि ओरडला, "मारला! घोडा मारला! बुर्जी!"

मी दोन हातांच्या अंतरावर बसलो होतो. मी बाही पाहिली. सगळे माझ्याकडे बघू लागले. सोळा वर्षे माझ्या शब्दापुढे कोणी शब्द काढला नव्हता.

मी म्हणालो, "बुर्जी."

लोक समजतात मी भावासाठी खोटे बोललो. तसे असते तर बरे होते. मी त्या जाड सुताच्या हसण्यासाठी बोललो.

कलम सातवे. यल्लाप्पाने पट उलथवला आणि माझ्या गळ्याला हात घातला. भरमाने मोकळा पडलेला मागाचा रूळ उचलला. पुढे पोलिसांत, कोर्टात आणि देवळात मी असे सांगितले की भांडण सोडवायला मी मध्ये पडलो. ते खोटे आहे. मी यल्लाप्पाचे उजवे मनगट दोन्ही हातांनी धरून पटाच्या लाकडावर दाबले. भरमाने रूळ वर नेलेला मला दिसत होता. मी मनगट सोडले नाही. पहिल्या घावाला त्याची तीन बोटे फुटली. दुसरा घाव पडला तेव्हाही मी धरूनच होतो. हाडाचा आवाज सुकलेली कामटी मोडावी तसा आला आणि माझ्या तोंडावर रक्त उडाले.

त्या संध्याकाळी मी फळीवर लिहिले: भरमा ब्याण्णव, यल्लाप्पा पंच्याऐंशी, कारण पट उधळला. नियमाप्रमाणे.

मनुबाई रक्त पुसताना म्हणाली, "घोडा भरमा भावजींनी पाडला. म्या बघितलं." मी तिच्या थोबाडीत मारली. तिचा ओठ फाटला. त्यानंतर तिने त्या मोहऱ्यांना कधी हात लावला नाही आणि त्या दिवसाबद्दल मरेपर्यंत बोलली नाही. तिची माफी मागायची राहिली. ती येथे मागतो, जरी आता त्याचा तिला उपयोग नाही.

कलम आठवे. पुढल्या हंगामात चिकोडीच्या पहिल्याच लढतीला यल्लाप्पा आला. उजव्या हाताचा नुसता गोळा झाला होता. तो पटावर बसला आणि डाव्या हाताने प्यादे सारले. मी सगळ्यांसमोर वही उघडून नियम वाचला आणि त्याला उठवले. त्याचा धाकटा भाऊ रवळू दाराशी उभा होता. त्याने बाहेर मोटारीजवळची लोखंडी पहार उचलली आणि भरमा पाणी प्यायला वाकला असताना त्याच्या डोक्यात घातली. भरमा तिसऱ्या दिवशी गेला. मधले दोन दिवस तो नुसता "शह, शह" म्हणत होता.

खटल्यात रवळूच्या वकिलाने मला शपथेवर विचारले, "घोडा कोणी पाडला?" मी म्हणालो, "यल्लाप्पाने मारला." आधीची कुरापत आमची नव्हतीच, असे त्यावरून ठरले. रवळूला जन्मठेप झाली आणि सातव्या वर्षी तो तुरुंगातच वारला.

नंबरवही कोर्टात कोणी मागितली नाही. मागितली असती तर मी फसलो असतो. अर्धवट राहिलेल्या प्रत्येक डावाची मांडणी वहीत काढायची माझी रीत आहे. त्या दिवशीही मी ती काढली, आणि काढताना घोडा त्याच्या घरात काढला. जिभेला जे जमले ते हाताला जमले नाही. पान एकशे बारा. ज्याला पाहायचे त्याने पाहावे.

कलम नववे. सबब, तो निकाल मी रद्द करतो. डाव यल्लाप्पाच्या हातचा होता. बारीक गड्याला हरवल्याचे तीन आणि प्याद्याच्या मातेचे दोन मिळून यल्लाप्पा पंच्याण्णव. भरमा एकोणनव्वद. पट उधळल्याचे पाच कापणे चूक होते, कारण पट आधी आम्ही उधळला. त्या दिवसानंतर दोघांपैकी एकही पुन्हा डाव पुरा खेळला नाही, म्हणून इतर कोणाचाही नंबर बदलत नाही. हे मी दोनदा तपासले आहे. डाव्या हाताचा नियम रद्द.

हे मी परवा जयाबाईला सांगितले. ती तांदूळ निवडत होती. सूप बाजूला ठेवून म्हणाली, "भावजी, माझं कुक्कू गेलं. त्या फळीवर त्यांचा ब्याण्णव तेवढा राहिलाय. त्यो बी नेता व्हय?" भरमा मेल्यावरही त्याचे नाव मी फळीवर सर्वांत वर ठेवले होते, आणि ती रोज सकाळी त्याला कुंकू लावत आली आहे. तिचे काही घेऊन जायचे ठरवून मी हे लिहिले आहे. मला त्याचे वाईट वाटते आणि तरीही मी ते खोडत नाही.

कलम दहावे, आज दुपारी वाढवलेले. साक्षीला मी यल्लाप्पाला निपाणीहून बोलावले होते. तो येईल असे वाटले नव्हते. मारुतीराव मास्तरांनी कागद मोठ्याने वाचला. सातवे कलम संपताच यल्लाप्पा उठला आणि त्याने डाव्या हाताने माझ्या कानशिलात दिली. मी भिंतीवर आदळलो, एक दाढ पडली. मास्तर कागद टाकून ओरडू लागले. यल्लाप्पाने दुसऱ्यांदा हात उगारला, तसाच थोडा वेळ धरला, मग खाली आणला. या मारहाणीबद्दल माझ्या पश्चात कोणीही फिर्याद करू नये. ती मला पोचली आहे.

आठवे कलम त्याने खाली बसून ऐकले. रवळूचे नाव आले तेव्हा पंच्याने तोंड पुसले. मग म्हणाला, "पट मांड."

मी वही उघडायला गेलो. "वही नगं," म्हणाला, आणि डाव्या हाताने एकेक मोहरा ठेवत गेला. पान एकशे बारा आणि त्याची मांडणी यांत एका घराचाही फरक नव्हता. घोडा त्याने शेवटी ठेवला. भरमाच्या चाली मी खेळलो, जितक्या चांगल्या मला येतात तितक्या. तिसऱ्या चालीला प्याद्याने मात झाली.

जयाबाई दारात उभी होती. तिने विचारले, "घोडा पाडला नसता तरी हरलंच असतं?"

"व्हय, आक्का," यल्लाप्पा म्हणाला. "पर नुसत्या घोड्यावर माझ्याम्होरं इतका टिकलेला दुसरा गडी न्हाय. लई झुंजला."

"मग पाडला कशाला?" ती म्हणाली. ती फळीजवळ गेली, कुंकवासकट ब्याण्णव पदराने पुसला आणि खडू माझ्या हातात दिला. मी एकोणनव्वद लिहिले आणि वरच्या ओळीत यल्लाप्पाचे नाव घातले.

मारुतीरावांनी शंका काढली की लाभ मिळालेला माणूस साक्षीदार चालत नाही. नंबर हा लाभ नव्हे, दुरुस्ती आहे. म्हणून यल्लाप्पाची साक्ष धरावी.

वरील सर्व मी वाचून पाहिले, दुखऱ्या जबड्याने पण शुद्धीत, आणि खाली सही केली.

ठिकाण शहापूर. रविवार, ता. ९ फेब्रुवारी १९४७.

तम्मण्णा इराप्पा सातपुते, नंबर ५८

आमच्यासमोर सही झाली:

१. मारुतीराव, शिक्षक, उचगाव. नंबर ७१ (मला मान्य नाही).

२. यल्लाप्पा, निपाणी. नंबर ९५. सही डाव्या हाताची, माझीच.