जोडपानावरचा राब

किन्हवली,
१२ जानेवारी २०२५

प्रिय अक्षदा,

अनेक आशीर्वाद. आम्ही दोघी खुशाल आहोत. थंडीत आईचा गुडघा कुरकुरतो, पण वालाच्या शेंगा तोडायला तीच पुढे. माझी शाळा ठीक चाललीय.

तुझी चित्रकादंबरी मंगळवारी मिळाली. पोच द्यायला पाच दिवस लागले. कामं होती, असं लिहिणार होते. तेवढी नव्हती.

आधी मी एकटीने चाळली आणि वाट चुकले. शिकवल्याप्रमाणे डावीकडून उजवीकडे जात राहिले, गोष्ट काही लागेना. काल आईने पुस्तक मांडीवर ओढून घेतलं. तिला अक्षरं येत नाहीत. पण तुझ्या पुस्तकात ती आहेतच किती!

"अगो, हे बांध हायेत," ती म्हणाली. "वरच्या खाचरातलं पाणी खाली कसं उतरतं, तसं बघत ये. मास्तरीण ना तू?"

तेव्हा मला दिसलं. तुझ्या चौकटींच्या रेषा म्हणजे भातखाचरांचे बांध. सगळ्यात वर परकरातली मुलगी. बांध फुटलाय तिथून ती खालच्या खाचरात उतरते, तर दहावीत गेलेली. आणखी खाली एसटीत बसलेली. एका पानात दहा वर्षं, शब्द एकही नाही. आईचं बोट पाण्याबरोबर उतरत होतं. सत्तरीत तिने पहिलं पुस्तक वाचलं, तेही माझ्याआधी.

मग ते काळंकुट्ट जोडपान आलं. मंगळवारी मी तिथेच पुस्तक मिटलं होतं. हा तुझा माझ्यावरचा राग, असं वाटलं. आई मात्र खूश.

"राब भाजलाय! पालापाचोळा, शेण घालून जमीन भाजली, का मंग रोपं कशी तरारतात." तिने पान उलटलं. पुढे सगळं हिरवंगार.

मी पुन्हा मागे गेले. राखेच्या कडेला वेटोळ्यांची बारीक तार आहे, चित्रकलेच्या वहीला असते तशी.

"ही ना, रोपं उपटताना माझ्या हाताला लागली. मीच दिली अक्षूला."

"कधी?"

"तिच्या चित्रांच्या वह्यांना वाळवी लागली म्हणून टाकल्या, असं तू सांगलंस ना? त्याच पावसात."

म्हणजे वीस वर्षं तुम्हा दोघींना ठाऊक होतं!

"मग मला बोलली का नाहीस?"

"तू रोज डायरी लिवतेस. म्हटलं, तिथं लिवलं असशील."

लिहिलं होतं. ते पान शोधून वाचलं. 'अक्षूच्या भल्यासाठी केलं. चित्रांच्या नादात ती कॉलेज सोडेल.' अक्षदा, ते खोटं आहे. तू कॉलेज सोडणार नव्हतीस, हे मला तेव्हाही माहीत होतं. चित्र काढायला बसलीस की तुला हाक ऐकू यायची नाही. इतकं बुडून जाण्यासारखं माझ्याकडे काहीच नव्हतं. मला तुझा हेवा वाटला.

त्या पानावर जाळणारा हात तू काढलेला नाहीस. मी सगळे कोपरे तपासले. किती हलकं वाटलं म्हणून सांगू! पण तू मोकळी सोडलेली जागा मी तशीच ठेवणं बरं नव्हे. सहा वह्या होत्या. मीच राबात टाकल्या, आणि पेट घेईपर्यंत तिथे उभी राहिले.

आईला हे सगळं वाचून दाखवलं. म्हणाली, "आता लगेच टाक पेटीत. नायतर बसशील खोडत."

तुझ्या वह्या जाळणारी,
तुझी ताई
प्रेमा