बाजाराचा दिवस

धुळे

प्रिय अक्का,

पाकिटावर माझं अक्षर बघून दचकली असशील. सहा वर्षांत साधी चिठ्ठी धाडली नाही, आणि आज हे! औषधं देणाऱ्या मोनालीताई हे पत्र तुझ्याच हातात देतील. वाचलं की चुलीत घाल.

इकडं ठीक. आमची प्राची बारावीला गेली. मला ऑफिसात शाबासकी मिळाली होती, ती गल्लीभर सांगत फिरलो. एचआयव्हीची औषधं लोकांना फुकट मिळतात, पण ती पोचवायला गाडी लागते, डिझेल लागतं. तो खर्च कमी करायचं काम माझ्याकडे होतं. साक्रीकडच्या तुमच्या बाजारगावी ही गाडी बाजाराच्या दिवशी यायची. ती मी बंद केली आणि औषधं मंगळवारी, लसीच्या गाडीतून पाठवू लागलो. एक फेरी वाचली. केवढा शहाणा मी!

अकरा माणसं यायचीच थांबली. मला कारण कळेना. मोनालीताई म्हणाल्या, अहो रविंद्रभाऊ, बाजाराला निघालेल्या बाईला कोणी विचारत नाही कुठं चाललीस. मंगळवारी निघाली की सून दारातच धरते, ‘आज बाजार नही, मंग तुनं काय काम शे?’ खेड्यात जन्म माझा, आणि एवढं मला सुचू नये!

त्या अकरा जणांना फोन करायची यादी माझ्याकडे आली. चौथं नाव तुझं होतं. परवा फोन आला आणि कोणी बोललंच नाही ना? तो मीच. तुझा आवाज ऐकला आणि ठेवून दिला.

दाजी याच आजारानं गेले, तेव्हा मी दहाव्याला आलो होतो. तू पाण्याचा तांब्या पुढे केलास. मी म्हणालो, उपास आहे. पाण्याला कसला आलाय उपास, अक्का! तुला तेव्हाच कळलं. मग तुझं दुखणं तू मला सांगितलं नाहीस. सांगावं असा भाऊ मी होतोच कुठं? लाज वाटते गं.

तीन महिने तुझ्या गोळ्या बंद आहेत, माझ्यामुळे. साहेबांपुढे चूक कबूल केली. येत्या बाजारापासून गाडी पुन्हा त्याच दिवशी येईल. मधे खंड पडलाय, डॉक्टर आधी तपासतील, म्हणून तुला स्वतःच यावं लागेल. मी बांगडीवाल्यांपाशी उभा असेन. बहिणीला भाऊ भेटला, त्यात कोण काय विचारणार? तुझ्या पिशवीतल्या बाटलीतलं पाणी मागेन. नाही दिलंस तरी चालेल, पण ये.

तुझाच,
रविंद्र